करंगळीच्या सोयीने: स्ट्रॅट गिटारचे नॉब आणि स्विच आपल्या हाताला जुळवून घेताना

मध्यंतरी एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन गिटारी आल्या. दोन्ही फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे ‘स्ट्रॅट’, या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाच्या. पहिलीच्या व्हॉल्युम नॉबवर काळी चिकटपट्टी करकचून गुंडाळलेली. मालक तडाखेबंद स्ट्रमिंग करणारा, दर दोन कडव्यांनी त्याचा हात नॉबला लागायचा आणि भर गाण्यात आवाज गुल. दुसरीच्या मालकिणीची तक्रार वेगळीच. तिची करंगळी नॉबवर छान पोहोचत होती, पण आवाज जरा कमी केला की गिटार गोधडीखाली वाजतेय असं वाटायचं. दोघांनाही दुकानात ‘चांगले पिकअप घाला’ असा सल्ला मिळालेला. दोघांचंही काम पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या तारांखालच्या चुंबकी भागाला, हात न लावता झालं.

हे काम घरी करता येतं. गिटारच्या पोटात बॅटरी नसेल तर आतलं सर्किट शाळेतल्या प्रयोगाइतकंच असतं. फक्त एक पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गिटार मुकी झाली, तर चूक शोधण्यात अख्खा रविवार जातो.

इथे स्ट्रॅट घेतली आहे, कारण नवशिक्यांच्या हातात बहुधा तीच किंवा तिची नक्कल असते. बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर पुढचे आकडे त्यांना लागू नाहीत.

कंपनीने काय दिलंय

फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा तिच्यात तीन पिकअप, एक व्हॉल्युम, दोन टोन (आवाजाची तीक्ष्णता कमी करणारे नॉब) आणि तीन खाचांचा स्विच होता. दोनपैकी एक टोन नेक, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या, पिकअपचा, दुसरा मधल्याचा. ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथला), म्हणजे तिघांत सगळ्यात कर्कश पिकअप, टोनशिवायच. आणि स्विच तीनच जागांचा, त्यामुळे दोन पिकअप एकत्र वाजवायची सोय नव्हती. वादकांनी काय केलं, तर स्विच दोन खाचांच्या मध्ये अलगद अडकवून ठेवायला सुरुवात केली. तो मधला टणत्कारी आवाज लोकांना इतका आवडला की १९७७ पासून फेंडरने पाच जागांचा स्विचच द्यायला सुरुवात केली. म्हणजे ‘कंपनीने दिलंय ते कशाला बिघडवा’ असं कुणी म्हणालं, तर हा स्विच दाखवा.

आधी आठ दिवस नुसतं बघा

सोल्डरिंग आयर्न विकत घेण्याआधी एक कागद अ‍ॅम्पवर चिकटवा आणि रियाज करताना टिपणं काढा. वाजवताना हात नॉबला चुकून लागतो का? व्हॉल्युम मुद्दाम कमी-जास्त करता का, की पहिल्या दिवसापासून तो दहावरच आहे? स्विचच्या पाच जागांपैकी खरोखर किती वापरता? खालच्या टोनला शेवटचा हात कधी लावला होता? बहुतेकांचं उत्तर ‘लावलाच नाही’ असं येतं. म्हणजे तो नॉब आणि त्याचं भोक दोन्ही दुसऱ्या कामाला मोकळे.

या कागदावरूनच काय करायचं ते ठरतं. नॉब आडवा येत असेल तर त्याची जागा बदला. व्हॉल्युमशी सतत खेळत असाल तर ट्रेबल ब्लीड (आवाज कमी केला तरी तीक्ष्णता टिकवणारी छोटी जोडणी) हवा. ब्रिज पिकअप कानात घुसत असेल तर त्याला टोन जोडा. आणि आवाजांची विविधता कमी पडत असेल, तर आणि तरच, जादा स्विच.

सामान

आयर्न २५ वॅटचं घेऊ नका. छोट्या जोडांना ते पुरतं, पण पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पाठीचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो. माझा पहिला पॉट मी असाच मारला. २५ वॅटचं आयर्न अर्धा-पाऊण मिनिट पाठीवर घासत बसलो, सोल्डर काही पसरेना. शेवटी पसरलं तोवर आतला पट्टा भाजून निघाला होता, आणि नॉब फिरवला की जात्यासारखी घरघर. ४० ते ६० वॅटचं, चपट्या टोकाचं आयर्न असेल तर हेच काम तीन-चार सेकंदांत होतं.

सोल्डर ६०/४०, आत रोझिन (राळ) असलेलं. त्यात शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवा. त्याशिवाय साधा मल्टिमीटर, वायरी, कटर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या दोन-चार वायरी. या क्लिप विसरू नका, त्यांचं काम पुढे येतं.

कपॅसिटर, रेझिस्टर, वायर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किरकोळ पैशांत मिळतं. कपॅसिटरवर छापलेला आकडा वाचायला शिका: ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ म्हणजे ०.०२२, आणि १०२ म्हणजे १ नॅनोफॅरड. महागड्या ‘व्हिंटेज’ कपॅसिटरने आवाज उबदार होतो वगैरे ऐकाल. मोजून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर लावा, उरलेल्या पैशांच्या तारा घ्या.

पॉट घेताना मात्र चौकशी करा. सिंगल कॉइलला (स्ट्रॅटवर असतात तसल्या एका वेटोळ्याच्या पिकअपला) २५० के, म्हणजे किलोओहम, लागतो, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) साधारण ५०० के. ‘ए’ लिहिलेला पॉट ऑडिओ म्हणजे लॉग, ‘बी’ लिहिलेला लिनिअर. लिनिअर पॉटवर दहापासून चारपर्यंत कानाला फारसा फरक कळत नाही आणि मग शेवटच्या थोड्या फिरवण्यात सगळा आवाज खाली येतो. करंगळीने आवाज हळूहळू फुलवत नेणाऱ्यांनी ‘ए’च घ्यावा. स्वस्त गिटारीत १६ मिलिमीटरचे छोटे पॉट असतात. २४ मिलिमीटरच्या मोठ्या पॉटचा गळा जाड असतो आणि पिकगार्डचं (नॉब ज्यावर बसवलेत त्या प्लास्टिकच्या पत्र्याचं) भोक कानशीने मोठं करावं लागतं. दांड्याचे दातेही वेगवेगळे असतात, तुमचा जुना नॉब नव्या पॉटवर बसेलच असं नाही. जुना पॉट आणि नॉब खिशात घालून दुकानात जाणं सगळ्यात बरं.

उघडताना

केबल काढा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि मग तारा ढिल्या करा, म्हणजे खुंट्यांवरची वेटोळी सुटत नाहीत. पिकगार्डचे स्क्रू काढून डब्याच्या झाकणात ठेवा. बहुतेक स्ट्रॅटना ते ११ असतात, आणि दहाच सापडले तर अकरावा बहुधा चुंबकाला, म्हणजे पिकअपलाच, चिकटलेला असतो.

पिकगार्ड उचलताना झटका देऊ नका. त्याला अजून तीन वायरी बांधलेल्या आहेत: दोन जॅककडे जाणाऱ्या, एक मागच्या बाजूला ट्रेमोलोच्या स्प्रिंगांना धरणाऱ्या पंजाकडे जाणारी. ही तिसरी सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची. तारांना अर्थिंग तीच देते. पिकगार्ड उलटा करून गिटारच्या अंगावर ठेवण्याआधी खाली जुना टॉवेल अंथरा. सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर पडला की तो कायमचा.

आता मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, आंतरजालावरची आकृती तुमच्या गिटारला जुळेलच असं नाही. तुमचा फोटो मात्र खोटं बोलत नाही.

फोटोतला रस्ता बोटाने धरा. पिकअपची गरम (म्हणजे आवाज नेणारी) वायर स्विचकडे, स्विचमधून व्हॉल्युम पॉटच्या एका कडेच्या पायाला, मधल्या पायातून जॅककडे. व्हॉल्युमचा तिसरा पाय पाठीच्या पत्र्याला वाकवून सोल्डर केलेला दिसेल, तो अर्थिंगचा. टोन या वाटेवर नसतो. तो स्विचमधून फुटलेला फाटा आहे: त्यातून आवाजातला तीक्ष्ण भाग कपॅसिटरमार्गे अर्थकडे निघून जातो. एवढं उमगलं की उरलेलं नुसतं वायर जोडणं आहे.

नॉब आडवा येतोय

सोल्डरिंगची गरजच नसलेला उपाय आधी करून बघा. नॉब उपसून काढा आणि दांड्यावर नळाला लावतात तसली पातळ रबरी रिंग सरकवून नॉब पुन्हा बसवा. नॉब जड फिरतो, चुकून धक्का लागला तरी हलत नाही.

त्याने भागलं नाही तर व्हॉल्युम एक घर खाली सरकवा. पॉट वरून नटने आवळलेले असतात. पहिल्या दोन पॉटचे नट सोडवा, पॉटची अदलाबदल करा, नट आवळा. वायरींना बहुधा तेवढी ढील असते. नसेल तर एखादी वायर लांबवावी लागेल. चिकटपट्टीवाल्या मित्राचं काम एवढ्यावरच झालं, अर्ध्या तासात. ‘टोन’ लिहिलेला नॉब आता व्हॉल्युमवर आलाय याचं त्याला वाईट वाटत होतं. प्रसिद्ध गिटारवादक एडी व्हॅन हॅलनच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारीवर एकच नॉब होता, तो व्हॉल्युमचा, आणि त्यावर ‘टोन’ असंच लिहिलेलं होतं, हे सांगितल्यावर त्याने नॉब तसाच ठेवला.

ब्रिज पिकअपला टोन

माझ्या मते स्ट्रॅटवरचा सगळ्यात उपयोगी बदल हाच, आणि लागते फक्त तीन-चार सेंटिमीटर वायर.

स्विचला दोन बाजू असतात, प्रत्येकीला चार पाय. एका बाजूला तिन्ही पिकअप येतात. दुसऱ्या बाजूला दोन पायांवरून दोन टोनकडे वायरी जातात, एक सामाईक पाय पहिल्या बाजूशी जोडलेला असतो, आणि एक पाय रिकामा. तो रिकामा पाय ब्रिजचा. खात्री करायची तर स्विच ब्रिजच्या जागी न्या, मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा, एक टोक त्या बाजूच्या सामाईक पायाला आणि दुसरं रिकाम्या पायाला लावा. बीप वाजला की तोच.

आता दुसऱ्या टोनची वायर ज्या पायावर आहे तिथून या रिकाम्या पायापर्यंत छोटी वायर जोडा. वायरीच्या टोकांना आधी सोल्डरची कल्हई करून घ्या, मग जोड एका सेकंदात बसतो. सोल्डर चकचकीत आणि उतरता दिसला पाहिजे. मण्यासारखा गोल आणि मळकट दिसला तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा.

झालं. तोच नॉब आता मधल्याला आणि ब्रिजला दोघांनाही चालतो. नॉब सात-आठवर ठेवून ब्रिज पिकअप वाजवून बघा. नवे पिकअप घ्यायचा विचार बऱ्याच जणांचा इथेच मावळतो.

ट्रेबल ब्लीड: गोधडी काढायची

व्हॉल्युम कमी केल्यावर आवाज मंद का होतो? गिटारची केबल हीसुद्धा एक कपॅसिटरच आहे, मीटरला ढोबळमानाने शंभर पिकोफॅरडची. सहा मीटरची केबल म्हणजे सहाशेच्या आसपास. व्हॉल्युम दहावर असताना पिकअप तिला थेट हाकतो. व्हॉल्युम कमी केला की दोघांच्या मध्ये पॉटचा रेझिस्टन्स येऊन बसतो, आणि वरचे स्वर केबल गिळून टाकते.

उपाय म्हणजे वरच्या स्वरांना पॉटला वळसा घालून जाणारी पायवाट. १०२ चा कपॅसिटर आणि १५० केचा पाव वॅटचा रेझिस्टर (चार पट्ट्यांचा असेल तर तपकिरी, हिरवा, पिवळा आणि शेवटी टॉलरन्सची पट्टी) शेजारी-शेजारी धरून त्यांची टोकं एकमेकांना पिळा. ही जोडी व्हॉल्युम पॉटच्या दोन पायांमध्ये लावायची: स्विचकडून आवाज येतो तो कडेचा पाय आणि मधला पाय. अर्थ केलेल्या पायाला नाही. नुसता कपॅसिटर लावला तर कमी व्हॉल्युमवर आवाज किरटा, पत्र्यासारखा होतो. रेझिस्टर त्याला आवरतो.

पण लगेच सोल्डर करू नका, इथे त्या क्लिपा काढा. पिकगार्डच्या कडेखालून दोन वायरी बाहेर घ्या, तारा चढवा आणि बाहेर लोंबणाऱ्या क्लिपांमध्ये वेगवेगळे भाग अडकवून आपल्या अ‍ॅम्पवर, आपल्या केबलने ऐका. व्हॉल्युम दहा, सात आणि चारवर. गोधडीवाल्या ताईंना १०२ ची जोडी जरा जास्तच तीक्ष्ण वाटली. मग १२०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १३० केचा रेझिस्टर एकामागे एक जोडून ऐकवले. त्याने व्हॉल्युम फिरवतानाची चालही नीट राहिली. शेजारी-शेजारी लावलेल्या रेझिस्टरने ती थोडी बदलते. लोंबत्या वायरींमुळे गुंगाट, म्हणजे मागची घूं-घूं, वाढेल, त्याकडे लक्ष देऊ नका.

सगळ्यांनाच हे हवं असतं असंही नाही. व्हॉल्युम सहावर आणून मऊ ऱ्हिदम वाजवणाऱ्यांना ती गोधडी आवडते. मलाही कधीकधी.

एक जादा आवाज

पाच जागांच्या स्विचवर नेक आणि ब्रिज एकत्र मिळत नाहीत, तिन्ही पिकअपही एकत्र नाहीत. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटवर नेक पिकअप जोडणारा एक चिमुकला जादा स्विच होता. पिकगार्डला नवं भोक पाडायचं नसेल तर कमी वापरातल्या टोनच्या जागी पुश-पुल पॉट लावा, ज्याचा दांडा ओढला की खालचा स्विच लागतो. त्या स्विचच्या एका ओळीतले दोनच पाय लागतात: मधल्या पायापासून एक वायर मोठ्या स्विचवर नेक पिकअप येतो तिथे, आणि दांडा ओढल्यावर मधल्याशी जुळणाऱ्या पायापासून दुसरी वायर व्हॉल्युमच्या आवाज येणाऱ्या पायाला. कुठला पाय जुळतो ते मल्टिमीटरच्या बीपने पाहा. दांडा वर ओढला की नेक कायम चालू, आणि पाचाचे सात आवाज होतात.

पुश-पुल उंच असतो. घेण्याआधी गिटारच्या खोबणीची खोली काडीने मोजा; बारीक अंगाच्या गिटारीत तो मावत नाही, आणि हे पिकगार्ड परत बसवतानाच कळतं.

बंद करण्याआधी

पिकगार्ड दोन स्क्रूंवर तात्पुरता बसवा, अ‍ॅम्पला जोडा, आवाज कमी ठेवा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा आणि स्विचच्या प्रत्येक जागी योग्य तोच पिकअप बोलतोय ना ते तपासा. व्हॉल्युम शून्यावर नेला की पूर्ण शांतता हवी. नॉब उलटा चालत असेल, तर कडेच्या दोन पायांची अदलाबदल झालीय.

मग तारांना हात लावा. हात लावल्यावर गुंगाट कमी होत असेल तर ठीक, अर्थिंग पोहोचलंय. फरकच पडत नसेल तर पंजाकडे जाणारी ती तिसरी वायर तुटली आहे. दहापैकी सहा वेळा तीच असते, आणि दोनदा तर ती मीच तोडलेली होती. सिंगल कॉइलचा थोडा गुंगाट राहणारच, तो घरच्या विजेच्या ५० हर्ट्झचा आहे. मात्र तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ताबडतोब केबल काढा. तो दोष गिटारचा नव्हे, अ‍ॅम्पचा किंवा घरच्या प्लगच्या अर्थिंगचा असतो, इलेक्ट्रिशियनला बोलवा. अ‍ॅम्पची तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसणारे हौशी आपल्याकडे कमी नाहीत. तारांवर हात आणि माइकला ओठ अशा वेळी ते जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यात पॉट खरखरायला लागले तर बदलायची घाई नको. पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. गंज सोडवायचं तेल मात्र घालू नका, ते आत चिकटून धूळ धरतं.

पिकगार्डचे स्क्रू बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. बारीकसा ‘टक’ लागला की तो जुन्या आट्यात बसलाय, मग सुलटा आवळा. नाहीतर लाकडात नवा आटा पडून भोक सैल होतं. काढलेले भाग आणि केलेल्या बदलाची हाताने काढलेली आकृती एका पिशवीत घालून गिटारच्या केसमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी पिकगार्ड पुन्हा उघडाल तेव्हा ही हिरवी वायर कुठे जाते हे तुम्हालाही आठवणार नाही.